काका उठले नाहीत

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून शेजारच्या चष्म्याच्या दुकानात शिरला, तेव्हा चष्मेकाका पोस्टमनचे डोळे तपासत होते. पोस्टमनच्या नाकावर तपासणीची ती जड चौकट होती, एक डोळा झाकलेला होता, आणि दुसऱ्या डोळ्याने तो भिंतीवरच्या तक्त्यातली खालची ओळ ठोकून देत होता. दरवर्षी तो ती अशीच ठोकून द्यायचा. तरी टपाल बरोबर घरी कसं पोचायचं, हे त्यालाच ठाऊक.

"घेतला," सलूनवाला म्हणाला. "सही झाली. आत्ताच कळलं."

काय घेतला, कोणाला घेतला, असं कोणी विचारलं नाही. हॉकी क्लबची ही माणसं कितीतरी दिवस दुसरं काही बोलतच नव्हती. एकोणीस वर्षांचा सेंटर फॉरवर्ड, मिशीसुद्धा धड न फुटलेला, लांबच्या एका आडगावातला. चेंडू म्हणे त्याच्या स्टिकला गूळ लावल्यासारखा चिकटून राहतो. तीन मोठे क्लब त्याच्या मागे लागले होते, आणि आला तो यांच्या फाटक्या क्लबात. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसंच झालं म्हणायचं.

पोस्टमनने चौकट तशीच नाकावर ठेवून सलूनवाल्याला मिठी मारली. कोपऱ्यात गणिताच्या बाई बसल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून चष्म्याची दांडी सरळ करून घ्यायच्या निमित्ताने त्या रोज यायच्या, आणि ती दांडी त्या घरी मुद्दाम वाकवतात अशी सलूनवाल्याची पक्की खात्री होती. बाई म्हणाल्या, "म्हणजे आता सेंटर फॉरवर्ड दोन झाले, आणि जागा..."

आणि वाक्य तिथेच सोडून चष्म्याची दांडी चाचपू लागल्या. सगळ्यांचं लक्ष काकांकडे गेलं. कारण आजवर ती जागा ज्याची होती, तो चष्मेकाकांचा जावई होता.

काकांनी शांतपणे पोस्टमनच्या नाकावरची चौकट काढून घेतली. "चांगलं झालं की. क्लबचं भलं ते आपलं भलं. चहा सांगा कोणीतरी." मग चौकट पुसत ते आत गेले आणि चहा येऊन थंड होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

बाईंनी डोळ्यांनीच सलूनवाल्याला दटावलं. त्याला एकदम आपल्या गिऱ्हाइकाच्या उरलेल्या गालाची आठवण झाली.

आता इथे उठण्याची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. तो तसा होताच, पण निदान समजून घेतलेला बरा. ही मंडळी मैदानाच्या एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्यांवर बसायची, आणि काका सगळ्यांत पुढच्या पायरीवर. खूप वर्षांपूर्वी एक नवा सेंटर हाफ उतरला. त्याने पहिल्यांदा चेंडू अडवला, त्याच क्षणी काका ताडकन उभे राहिले. का, तर मांडी घालून बसल्यामुळे पायाला मुंग्या आल्या होत्या. मागच्यांना वाटलं, चष्मेवाल्याला काहीतरी दिसलं. तेही उठले, त्यांच्या मागचेही उठले, आणि सगळ्यांनी त्या नवख्याला डोक्यावर घेतलं. तो पुढे देशाकडून खेळला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. मग एकदा नवा गोलकीपर आला. त्या वेळी काका कोणाच्या तरी चष्म्याचा पडलेला स्क्रू पायरीच्या फटीत शोधत होते, उठायचं राहून गेलं. त्या बिचाऱ्याने पहिल्याच सामन्यात पायांमधून गोल सोडले आणि महिन्याभरात गाशा गुंडाळला. झालं. तेव्हापासून नव्या खेळाडूला पहिला चेंडू मिळाला की लोक चेंडूकडे बघतच नाहीत, काकांकडे बघतात. काका उठले की सगळे उठणार, काका बसले तर सगळे बसणार.

मुंग्यांची गोष्ट काकांनी कधी कोणाला सांगितली नाही. सांगतील कशाला? आयता मिळालेला मान कोणाला जड होतो? आणि तसा त्यांनी कोणावर अन्याय केला असंही नाही. जो येईल त्याच्यासाठी ते उठायचे. उठायला काय पैसे पडतात?

जावयासाठीही ते असेच उठले होते. तेव्हा तो जावई नव्हता, पंचांशी दोन्ही हात पाठीमागे बांधून वाद घालणारा एक किडकिडीत मुलगा होता. त्या वाद घालण्यावरूनच पायऱ्यांनी त्याचं नाव वकील ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो आभार मानायला दुकानात आला आणि दुकान बंद होईपर्यंत हललाच नाही, कारण गल्ल्यावर काकांची मुलगी बसली होती. डोळे एकदम ठणठणीत असताना त्याने त्या वर्षी दोन चष्मे करून घेतले. पुढचं काय ते कळलंच असेल.

काकांना मुलगी एकटीच. तिची आई लवकर गेली. तिच्या वेण्या घालायला काका शिकले ते दुकानातल्या आरशासमोर, गिऱ्हाइकाला थांबवून. लग्न झालं तरी ती लांब गेली नाही, दोन गल्ल्या सोडून राहिली. आता तिची मुलगी, चिऊ, शाळा सुटली की सरळ दुकानात यायची, तपासणीच्या खुर्चीत चढून बसायची आणि दोन्ही डोळे झाकून अख्खा तक्ता म्हणून दाखवायची. काकांच्या दिवसात बघण्यासारखं हे एवढंच होतं, आणि त्यांना दुसरं काही नकोही होतं.

सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलीने त्यांना जेवायला बोलावलं. जावई सरावाला गेला होता. वाढता वाढता ती म्हणाली, "बाबा, तो पोरगा रुळला तर क्लब यांना मोकळं करेल."

"मग?"

"लांबच्या एका क्लबने यांना प्रशिक्षक म्हणून विचारलंय. राहायला घर देतायत. मग जावं लागेल."

लांब म्हणजे किती, तर आज सकाळी गाडीत बसलं तर उद्या संध्याकाळी उतरायचं. हे बोलताना मुलगी ताटाकडे बघत होती. काकांना वाटलं, पोरीचा जीव तुटतोय. पाणी पिऊन ते म्हणाले, "बघू. अजून तो रुळायचाय. घोडामैदान जवळच आहे."

आणि घरी जाताना त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनाच ऐकवलं नाही. जन्मभर ज्या क्लबसाठी घसा बसेपर्यंत ओरडलो, त्या क्लबचा नवा फॉरवर्ड तोंडावर पडावा, असं त्यांना वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं.

पहिला सामना रविवारी दुपारी होता. पायऱ्या भरल्या. जावई पहिल्यापासून खेळला, आणि दुसऱ्या सत्रात त्याला बाहेर बोलावून पोरग्याला आत पाठवलं. पोरगा स्टिक छातीशी धरून धावत आला. त्याने पायऱ्यांकडे एकदा बघितलं. इथली रीत त्याला कोणीतरी सांगितलेली असणार.

मधल्या फळीकडून चेंडू सुसाट आला. एरवी तो कोणाच्याही स्टिकवरून उसळून बाहेर गेला असता. पोरग्याने मनगट नुसतं सैल सोडलं आणि चेंडू त्याच्या पायाशी मांजरासारखा बसला. असा चेंडू अडवलेला काकांनी आयुष्यात क्वचितच बघितला होता. त्यांचे गुडघे आपोआप उचलले जायला लागले. त्यांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरले.

मागे माणसं अर्धवट उठली होती. कोणी पायरीवरून बूड उचललेलं, कोणी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टेकलेला. सगळे काकांच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलली नाही. मग एकेक करून सगळे खाली बसले, आणि पायऱ्यांवर अशी शांतता पसरली की गोलकीपरचं खाकरणं ऐकू आलं.

पोरग्याने ती शांतता ऐकली. त्यानंतरचा प्रत्येक चेंडू त्याच्या हातून निसटत गेला.

सोमवारी दुकानात बैठक भरली. काकांनी उठायला नकार दिला म्हणजे काहीतरी कारण असणारच, यावर कोणाचं दुमत नव्हतं. कारण काय, यावर मात्र होतं. सलूनवाल्याच्या मते पोरग्याचं डावं मनगट कच्चं होतं. पोस्टमन म्हणाला, तो पळताना खाली बघतो. खालची ओळ न दिसणाऱ्या माणसाने हे सांगावं, पण सांगितलं. गणिताच्या बाईंनी कागदावर रेघा मारून तो गोलपुढच्या 'डी'च्या आत चुकीच्या कोनातून शिरतो हे सिद्ध केलं.

"काका, तुम्हीच सांगा. तुम्हाला नक्की काय दिसलं?"

काका काच घासत होते. "अजून वेळ द्या त्याला," ते म्हणाले. हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण एवढं मोघम बोलणं म्हणजे दोष फारच खोल असणार.

मग काय, सामन्यामागून सामने गेले आणि पायऱ्या त्या पोरग्यासाठी मुक्याच राहिल्या. कोणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या परवडल्या असत्या. त्याच्याकडे चेंडू आला की माणसं दाणे सोलायची, घड्याळ बघायची. पोरगा दिवसेंदिवस आक्रसत गेला. आपल्याच मैदानावर तो परक्या घरात शिरल्यासारखा खेळायला लागला. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं, आणि वांग्याला बिचाऱ्याला आपला गुन्हा माहीत नव्हता. क्लबात कुजबुज सुरू झाली, की हंगामाच्या मध्यावर खेळाडू परत पाठवता येतात, तर याला पाठवून द्यावा. वकील आहेच की.

वकील होताच. पोरगा पडला की वकील आत, अख्खा सामना वकील. काका खूश होते. येताजाता फळं घेऊन मुलीकडे जायचे. जावई खुर्चीत बसलेला असायचा, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. उठताना टेबलाची कड धरून उठायचा.

"काय जावईबापू, दमलात?"

"नाही हो, बाबा. चालायचंच."

काकांनी ते चालवून घेतलं. खेळाडूचे गुडघे दुखायचेच, न्हाव्याची बोटं दुखतात तसे. इतरांच्या डोळ्यांतलं कुसळ शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला समोरचा गुडघा दिसला नाही. दिसला नाही म्हणण्यापेक्षा त्यांनी बघितला नाही.

हंगामाच्या पहिल्या अर्ध्यातल्या शेवटच्या सामन्याआधी मुलगी दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तिने जावयाचा वाचायचा चष्मा पुढे केला. "काचेचा स्क्रू ढिला झालाय."

काकांनी बारीक पेचकस घेतला. ती गल्ल्यापाशी उभी राहिली, पूर्वी बसायची तिथेच.

"बाबा, तुम्ही का नाही उठलात त्या दिवशी?"

"कोणत्या दिवशी?"

"मी लहान नाहीये आता. तुम्हाला त्या पोरात काय दिसलं?"

काका स्क्रू फिरवत राहिले. "तू कधीपासून हॉकीत लक्ष घालायला लागलीस?"

"यांनीच शोधला त्याला," मुलगी म्हणाली. "सुट्टी काढून दोनदा त्याच्या गावी जाऊन आले. क्लबला यांनीच सांगितलं, की याला घ्या आणि मला सोडा. गुडघा संपलाय बाबा. डॉक्टर म्हणाले, हा हंगाम पुरा खेळलात तर जन्मभर लंगडावं लागेल. इंजेक्शनं घेऊन खेळतायत. क्लब म्हणतो, पोरगा रुळल्याशिवाय सोडता येणार नाही. आणि पोरगा रुळत नाहीये."

"मग मला आधी का नाही सांगितलंस? तू तर म्हणालीस, जावं लागेल."

"मग काय म्हणू?" ती म्हणाली. "तुमच्यासमोर ताट वाढून सांगू, की आम्हाला जायचंय? मला जायचंय, बाबा. मी या दोन गल्ल्यांच्या बाहेर कधी राहिलेच नाही. यांना शिकवायला आवडतं, चिऊला मोठं अंगण मिळेल. पण तुम्हाला सोडून जायचं कसं, म्हणून मी सगळं क्लबवर ढकललं. वाटलं, नाइलाज म्हटलं की तुम्हाला कमी लागेल."

काकांनी स्क्रू एक वेढा जास्त फिरवला. काचेच्या कडेचा टवका उडाला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"दुसरी काच बसवतो," ते म्हणाले. "संध्याकाळी ने."

मुलगी निघाली. पोरग्यात काय दिसलं, हे तिने पुन्हा विचारलं नाही. तिला उत्तर मिळालं होतं.

त्या संध्याकाळी काकांनी दुकान लवकर बंद केलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. बसून राहावं, तर जावयाचा पाय जातो. उठावं, तर मुलगी जाते. चिऊ जाते. शाळा सुटल्यावर तपासणीची खुर्ची रिकामी. त्यांना स्वतःचा राग आला, जावयाचा आला, थोडासा त्या आडगावाचाही आला, की तिथे असले पोरगे जन्मतातच कशाला.

सामन्याच्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. समोरच्या बाजूला खेळाडूंच्या घरच्यांची एक रांग असायची, तिथे मुलगी चिऊला घेऊन बसली होती. जावई पहिल्यापासून खेळला. तिसऱ्या सत्रात तो एका चेंडूवर वळला आणि वळताना पाय तसाच राहिला. कोणी पाडलं नव्हतं. तो उठला, पंचांशी न भांडता लंगडत बाकाकडे गेला. वकील भांडला नाही, हे बघूनच पायऱ्यांवर चुळबुळ झाली. प्रशिक्षकाने इकडेतिकडे बघितलं आणि नाइलाजाने पोरग्याला आत ढकललं.

लोकांनी दाणे काढले.

पोरग्याला अजून चेंडू मिळालाही नव्हता. काका उठले.

नव्या खेळाडूसाठी उठायचं ते पहिल्या चेंडूला, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत होतं. पहिला चेंडू होऊन जमाना झाला होता. त्यामुळे काका का उठले हे कोणालाच कळलं नाही. पाठीमागून आवाज आला, "काका, बसा की. दिसत नाहीये."

काका बसले नाहीत.

"पायात गोळा आला का?" पोस्टमनने विचारलं. इतक्या वर्षांत उठण्याच्या मूळ कारणाच्या एवढ्या जवळ कोणी पोचलं नव्हतं.

गणिताच्या बाईंनी त्यांच्या कोटाचं टोक ओढलं. "अहो, काय झालं? काय दिसलं?"

"काही दिसलं नाही," काका म्हणाले. ते मैदानाकडेच बघत बोलत होते, पण आवाज मागच्या तीन-चार पायऱ्यांपर्यंत जात होता. "तेव्हाही दिसलं नव्हतं. पोरगा सोन्यासारखा आहे. मी मुद्दाम बसून राहिलो. तो रुळला की माझी मुलगी लांब जाते, म्हणून बसलो. तुम्ही सगळे माझ्या भरवशावर बसलात. चुकलं माझं."

सलूनवाला हातातले दाणे बघत राहिला. काकांची नजर खोटी निघाली, म्हणजे डावं मनगट खोटं, खाली बघणं खोटं, बाईंचा कोनही खोटा. एवढं सगळं एका दमात गिळणं सोपं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आईला," सलूनवाला शेवटी हळूच म्हणाला, आणि उठला.

मग पोस्टमन उठला. बाई पायरीला हात टेकून उठल्या. ज्यांनी ऐकलं ते उठले, ज्यांनी ऐकलं नव्हतं ते हे उठले म्हणून उठले, कारण त्यांना तेवढंच येत होतं. पायऱ्या खालपासून वरपर्यंत उभ्या राहिल्या आणि पोरग्याच्या नावाने गरजल्या.

पोरगा दचकला. तो आवाज आपल्यासाठी आहे हे त्याला आधी पटेना. बाकावरून वकिलाने हात करून त्याला सांगितलं, तुझ्यासाठीच आहे, खेळ. चेंडू आला. त्याने मनगट सैल सोडलं, एकाला डावीकडे झुकवलं आणि उजवीकडून काढला, दुसऱ्याच्या स्टिकखालून सरकवला, 'डी'त शिरून स्टिक उलटी करून मारला. गोलकीपर हललासुद्धा नाही. गोलमागची फळी वाजली.

त्यानंतर जे झालं ते सांगून कळायचं नाही. परक्यांनी परक्यांना मिठ्या मारल्या, सलूनवाल्याने पंचांच्या दिशेने हात जोडले, कोणाचा तरी चष्मा पायऱ्यांवरून घरंगळत गेला. घरच्यांची रांगही उभी होती. चिऊ खुर्चीवर चढून नाचत होती. तिच्या शेजारी काकांची मुलगी तेवढी एकटी बसून होती, दोन्ही हातांत तोंड घालून. तिला हवं होतं ते झालं होतं आणि ती रडत होती.

काकांनी तिकडे बघून हात वर केला. तिने मान उचलून बघितलं तेव्हा ते "जा" म्हणाले. मध्ये अख्खं मैदान होतं आणि चोहोबाजूंनी आरडाओरडा चालला होता, तिला काही ऐकू जाणार नव्हतं, म्हणून त्यांनी ते आणखी एकदा म्हटलं.